शाळकरी वयात हृदयदोष आढळल्यास शस्त्रक्रियेपूर्वी काय करावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तपासले आणि पुढे टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘हृदयाला छिद्र’ दिसले, की घरचे लोक आधी शस्त्रक्रियेची तारीख विचारतात. खरे तर आधी विचारावे ते हे, की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब किती वाढला आहे. खालच्या कप्प्यांमधील मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिल्यास त्या रक्तवाहिन्या जाड व कडक होतात आणि अखेरीस रक्ताचा प्रवाह उलटून मूल निळसर पडू लागते. या अवस्थेत छिद्र बंद केल्यास अपायच होतो. म्हणून डॉक्टरांनी कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) दाब मोजण्यास सांगितले, तर तीच शस्त्रक्रिया समजून नकार देऊ नये. वरच्या कप्प्यांमधील छिद्र मात्र या वयातही बहुधा बंद करता येते, आणि त्याची जागा व कडा योग्य असतील तर छाती न उघडता, मांडीतील शिरेतून छिद्र बुजवणारे छोटे डिव्हाइस बसवता येते.

धडगाव, अक्कलकुवा आणि एकूणच सातपुड्याच्या पट्ट्यातील पालकांनी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करून तिचा अहवाल सोबत न्यावा, आणि मूल केवळ वाहक असले तरी ते सांगावे. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना ऑक्सिजन कमी पडला किंवा शरीर फार थंड झाले, तर या आजारात रक्तपेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबू शकतात. भूलतज्ज्ञांना आधी कळले, तर गरजेनुसार रक्त बदलण्याची तयारी ठेवता येते. किडलेल्या दातांवरही आधीच उपचार करून घ्यावेत, कारण त्यांतील जंतू रक्तावाटे हृदयात संसर्ग करतात.

खेळताना दम लागून उकिडवे बसणाऱ्या निळसर मुलाला फॅलोची टेट्रालॉजी हा जन्मजात हृदयदोष असू शकतो. अशा मुलांचे रक्त दाट असते, त्यामुळे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात त्यांना पाण्याविना ठेवणे किंवा जुलाब अंगावर काढणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या रुग्णालयात जायचे असल्यास प्रवास शक्यतो रात्रीच्या गाडीने करावा.

जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे संदर्भपत्र, रेशन कार्ड व आधार कार्ड जवळ ठेवावे. निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होते का, हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) पक्के करून घ्यावे.

छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असल्यास सुमारे सहा आठवडे मुलाला काखेत धरून उचलू नये, आणि ताप आला तर गावातील औषधावर न थांबता त्याच रुग्णालयाला कळवावे.