पहिला बोल्ट सैल करण्याआधी

गाडीखाली काळा डाग दिसला की हात आधी पान्याकडे जातो. थोडं थांबा. मी लिहितोय ते 100 सीसीच्या साध्या मोटरसायकलबद्दल, कारण सोलापुरात दारोदारी तीच उभी असते. तिच्या इंजिनची साधी गळती घरी काढता येते, पण पान्याचं काम दोन तासांचं आणि त्याआधीची तयारी दोन दिवसांची. शुक्रवारी रात्री सुरुवात करा, म्हणजे रविवारी सकाळी इंजिनाला हात लावता येईल.

पहिली तयारी म्हणजे ऑइल नेमकं कुठून येतंय ते शोधणं. रात्री गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला लावा, खाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि पुढचं चाक कोणत्या बाजूला ते त्यावर पेनानं लिहून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल. मात्र थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असं धरू नका. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागेही सरकतं. मी रोज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला जातो. एका उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या क्लच कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या बाजूला क्लचवर असलेल्या झाकणाखाली, थेंब दिसायला लागले. कव्हर उघडलं, नवीन पॅकिंग (जोडाच्या मधे दाबून बसणारा पातळ थर) बसवलं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच थेंब. खरी गळती वर, इंजिनच्या माथ्यावर असलेल्या टॅपेटच्या (व्हॉल्व्ह जुळवायच्या जागेच्या) झाकणाखालच्या रबरी रिंगमधून होती. रिंग कडक होऊन तिला बारीक चीर पडली होती. तिथून ऑइल हेडवरून, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरून, पाझरत त्याखालच्या ब्लॉकच्या पात्यांतून खाली येत होतं आणि धुळीत मिसळून काळं होत होतं. काही रुपयांच्या रिंगसाठी चांगलं पॅकिंग आणि सगळं ऑइल वाया गेलं.

तेव्हापासून मी पावडर लावल्याशिवाय काही उघडत नाही. इंजिन थंड असताना डिझेल आणि जुन्या दातघासणीच्या ब्रशनं कोपरा न् कोपरा साफ करा. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात पाइप लावून गाडी धुवायची गरजही नाही. अर्धा लिटर डिझेल पुरतं. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ लांबच्या ठिणगीनंही पेटते. डिझेल पुसून इंजिन पूर्ण कोरडं होऊ द्या, मग अंगाला लावायची पावडर बोटानं सगळ्या जोडांवर फुंकरल्यासारखी उडवा आणि पाच-दहा किलोमीटर फिरून या. विजापूर रोडनं सैफुलपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. आल्यावर टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरीत भिजलेली करडी रेघ दिसेल. ती रेघ जिथून सुरू होते, तीच तुमची जागा.

चेनच्या पुढच्या चक्राजवळ ओल दिसली तर आधी चक्राचं कव्हर काढून आत पाहा. चेनला लावलेलं वंगण तिथे साचून गळतं आणि माणूस उगाच ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) बदलतो. वास पेट्रोलचा येत असेल तर गळती ऑइलची नाही, पेट्रोलची आहे; जुन्या गाडीत प्रश्न बहुधा कार्बोरेटरचा असतो. ऑइलची पातळीही आधीच बघून घ्या. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तर ते इंजिनच्या हवेच्या नळीतून किंवा सीलमधून बाहेर येऊ शकतं. तिथे जादाचं काढून टाकणं हाच इलाज.

घरी काय करायचं आणि काय नाही हेही याच टप्प्यावर ठरवा. ड्रेन बोल्टचं (इंजिनच्या तळाशी ऑइल काढायला असतो त्या बोल्टचं) वायसर, टॅपेट झाकणाच्या रिंगा, क्लच कव्हरचं पॅकिंग, गिअर शाफ्टचं सील, एवढं अंगणात होतं. ब्लॉक आणि हेडच्या मधून किंवा इंजिनच्या दोन अर्ध्यांच्या जोडातून ऑइल येत असेल, तर गाडी मिस्त्रीकडेच न्या. त्यात कमीपणा नाही. त्या कामाची अवजारं घरी नसतात.

आता खरेदी. माझ्या भागातली स्पेअरची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून हे शनिवारी संध्याकाळच्या आत उरका. दुकानदाराला नुसतं गाडीचं नाव सांगू नका. साल सांगा आणि इंजिन नंबरचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवा, कारण एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे पॅकिंग बदलतं. क्लच कव्हर उघडणार असाल तर पॅकिंगबरोबर किक शाफ्टचं सील आणि ड्रेन बोल्टचं नवीन वायसर घ्याच. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, आणि डब्यावर जासो एमए (JASO MA, मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असं लिहिलेलं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल भरलं तर तो घसरू शकतो. बहुतेक 100 सीसी गाड्यांना 800 मिली ते 1 लिटर लागतं.

अवजारांत 8 आणि 10 चे टी-पाने, ड्रेन बोल्टला बसेल असा रिंग पाना (माझ्या गाडीला 17 चा लागतो), प्लास्टिकची पट्टी, नरसाळं आणि पसरट घमेलं. पुसायला जुनी सुती बनियन किंवा धोतर ठेवा. आपल्याकडे घरोघरी टॉवेलचे तुकडे असतात, पण टर्किशचे धागे सुटतात आणि एक धागा जरी पॅकिंगखाली राहिला तरी तिथून ऑइल झिरपतं. जुनं पॅकिंग खरवडायला प्लास्टिकची पट्टीच घ्या, स्क्रू ड्रायव्हर नको. ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटला की नवीन पॅकिंगही गळतं.

एक पुठ्ठा आणखी लागेल, चादरीच्या घडीत येतो तसा ताठ. त्यावर कव्हरचा आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचून ठेवा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, कव्हर दाबलं जात नाही, आणि जोर लावला की आटे जातात.

मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो, तेव्हा सकाळी सहालाच बसा. ऑइल काढण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा. कोमट ऑइल चटकन आणि गाळासकट उतरतं. तापलेल्या इंजिनला मात्र हात लावू नका, सायलेन्सरला तर मुळीच नाही. लहान मुलं आणि पेटती उदबत्ती, दोन्ही लांब.

कव्हर बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, मग समोरासमोरचे असे आलटून-पालटून दोन-तीन फेऱ्यांत आवळा. या बारक्या बोल्टना साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे टी-पाना मनगटानं फिरवण्याइतकंच. दंडाचा जोर लागला की जास्त झालं.

निघालेल्या काळ्या ऑइलसाठी झाकणाचा रिकामा कॅन आधीच धुऊन वाळवून ठेवा. गटारात ओतू नका. भरलेला कॅन जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

नवीन ऑइल भरल्यावर इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून आणखी तीन मिनिटं थांबा, पातळी पाहा. मग सगळ्या जोडांवर पुन्हा पावडर, एक फेरी, आणि रात्री गाडीखाली नवा कोरा पुठ्ठा.