सीएमएसच्या खुल्या विदेतून डिफ्रॅक्टिव्ह डब्ल्यू बोसॉन कसे शोधावेत

पुण्यात एम.एस्सी.चा प्रकल्प करताना एलएचसी या प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राची खरी विदा हाताळायची असेल, तर तेथील सीएमएस प्रयोगाची २०१० सालची विदा २०१४ पासून सर्वांना खुली आहे. शिवाय पाषाणची आयसर ही संस्था त्या प्रयोगात सहभागी असल्याने जाणकारही शहरातच आहेत. या विषयासाठी हेच जुने वर्ष निवडावे. डिफ्रॅक्टिव्ह टकरीत एक प्रोटॉन जवळजवळ अखंड निसटतो आणि त्याच्या बाजूला कणांविना मोकळा पट्टा राहतो. नंतरच्या वर्षांत मात्र एकाच वेळी अनेक टकरी होऊ लागल्यामुळे तो पट्टा इतर टकरींच्या कणांनी भरून जातो.

प्रथम नेहमीच्या पद्धतीने डब्ल्यू, म्हणजे म्युऑन आणि न दिसणारा न्यूट्रिनो यांत फुटू शकणारा जड कण, निवडावा: २५ गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक आडवा (शलाकेला काटकोनातला) संवेग असलेला एकच म्युऑन, ३० पेक्षा अधिक हरवलेली आडवी ऊर्जा आणि ६० पेक्षा अधिक आडवे वस्तुमान. त्यानंतर फक्त एकच शिरोबिंदू (टकरीची जागा) असलेल्या घटना ठेवाव्यात. ही अट पुरेशी मात्र नाही, कारण सौम्य टकरीचा शिरोबिंदू कित्येकदा सापडतच नाही आणि तिचे कण तेवढे पट्ट्यात येऊन पडतात.

शलाकेच्या दिशेजवळच्या कणांची ऊर्जा मोजणाऱ्या पुढच्या (फॉरवर्ड) कॅलरीमीटरच्या दोन बाजूंपैकी एका बाजूच्या कोणत्याही टॉवरमध्ये (मोजणीच्या कप्प्यात) ४ गीगाइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जा नसेल, तर तेथे पट्टा आहे असे धरावे. अशा घटना शेकडा एक-दोनच उरतात. येथे घाई करू नये: साध्या, म्हणजे डिफ्रॅक्टिव्ह नसलेल्या, टकरीतही कणांच्या संख्येतील चढउतारामुळे कधीकधी असा पट्टा आपोआप पडतो, आणि तो किती वेळा पडेल याबद्दल पायथिया या टकरींचे अनुकरण करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या ट्यूनची (मापदंड-संचांची) उत्तरे फार वेगळी येतात. त्यामुळे केवळ पट्टे मोजून काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही.

खरा निकष म्युऑनच्या दिशेत आहे. म्युऑन पट्ट्याच्याच बाजूला असेल तर त्याच्या स्यूडोरॅपिडिटीला (शलाकेशी होणाऱ्या कोनाच्या मापाला) धन चिन्ह द्यावे, विरुद्ध बाजूला असेल तर ऋण. साध्या टकरींच्या अनुकरणात हे वितरण दोन्हीकडे जवळजवळ सारखे येते. डिफ्रॅक्टिव्ह टकरीत मात्र अखंड राहिलेल्या प्रोटॉनकडून येणाऱ्या पोमेरॉन या वस्तूमधील पार्टॉनचा (क्वार्क वा ग्लुऑनचा) संवेग सहसा कमी असल्याने डब्ल्यू फुटलेल्या प्रोटॉनच्या दिशेने, म्हणजे पट्ट्यापासून दूर, ढकलला जातो. विदेतील वितरणाला पायथिया आणि डिफ्रॅक्टिव्ह टकरींचे अनुकरण करणारी पोम्पिट यांच्या मिश्रणाने जुळवून डिफ्रॅक्टिव्ह वाटा काढावा. सीएमएसला पट्टा असलेल्या घटनांत तो सुमारे ५० टक्के मिळाला होता.