कृत्रिम पाय बनवायला शिकताय? या चुका टाळा

पहिली चूक प्रवेशाआधीच होते. बीपीओ (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवण्याची) ही पदवी साडेचार वर्षांची, त्यात सहा महिने इंटर्नशिप. कोर्सला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता नसेल तर नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय काम करणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुंबईत हाजी अलीची १९५५ पासूनची केंद्रीय पुनर्वसन संस्था आहे. काही मुलं चौकशीला वांद्र्याच्या संस्थेत जातात, ती वाचा-श्रवणाची.

खरी चूक मात्र हातांची. गुडघ्याखालून पाय कापलेल्याचं माप घेताना बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो, फिब्युलाचं (पोटरीतल्या बारीक हाडाचं) डोकं. त्याच्याजवळून नस जाते. त्यावर जांभळ्या पेन्सिलने खूण करायची. ती पायावर गुंडाळलेल्या ओल्या प्लास्टरच्या आतल्या बाजूला उमटते आणि तिथून, आत प्लास्टर ओतून केलेल्या साच्यावर उतरते. त्या खुणेवर प्लास्टर चढवायचं, म्हणजे साच्यावरून बनणाऱ्या सॉकेटमध्ये (उरलेला पाय ज्यात बसतो त्या कपात) तिथे पोकळी राहते. नवशिके नेमके उलट करतात, खरवडतात. शिकताना माझी एक खूण पुसट उमटली होती आणि मी अंदाजाने पुढे गेलो. आठ दिवसांनी ते पेशंट काका डोंबिवलीहून आले. त्याच जागी कातडी सोललेली. त्या दिवसापासून खूण पुसट दिसली की मी माप पुन्हा घेतो, कितीही उशीर होवो.

मधुमेहाचा पेशंट "दुखत नाही" म्हणाला की निश्चिंत होऊ नका. त्याची संवेदनाच गेलेली असते. दहा-पंधरा मिनिटं चालवा, सॉकेट काढा, लाली बघा. तेवढ्याच वेळात ती उतरली नाही, तर दाब चुकीच्या जागी आहे.

पाय सैल वाटतोय म्हणून लगेच नवं सॉकेट करायला घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) आकसतच असतो. आधी स्टंपवर एक मोजा वाढवून बघा. आणि विचारा: लोकलने जाता का? चाळीत जिने किती? संडास भारतीय पद्धतीचा का? हे न विचारता दिलेला पाय घरी कोपऱ्यात उभा राहतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

ब्रेसचंही (अवयवाला बाहेरून आधार देणाऱ्या साधनाचं) तसंच. क्लबफूटच्या (जन्मतः आत वळलेल्या पावलाच्या) बाळाला पोन्सेटी उपचारपद्धतीतले बूट सुरुवातीचे तीन महिने दिवसातले २३ तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बाळ रडतं म्हणून घरचे काढून ठेवतात आणि पाऊल परत वळतं. बूट तुम्ही घालून दाखवू नका, आईलाच घालायला लावा. टाच खाली नीट टेकली का, तेही तिलाच बोटाने चाचपू द्या.