फाइलमधले आकडे वाचताना ओव्हरफ्लो: नवीन जॉबला लागणाऱ्यांसाठी थोडं

पहिल्या जॉबमध्ये बऱ्याच जणांच्या वाट्याला हेच काम येतं, कुठूनतरी सीएसव्ही किंवा जेसन येतंय ते वाचा आणि डेटाबेसमध्ये टाका. फ्रेशरला हे फार फालतू वाटतं, पण माझ्या मते शिकायला यासारखं काम नाही. कॉलेजात व्हायव्हाला इंटची (पूर्णांकाच्या टाइपची) रेंज पाठ म्हणून दाखवलेली असते, ती खरी कुठे लागते ते इथे कळतं. ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा ठरलेल्या बिटांच्या जागेत न मावणं, बहुतेक वेळा आरडाओरडा करतच नाही, प्रोग्रॅम मस्त चालतो, टेस्ट हिरव्या, आणि आत चुकीचा आकडा जाऊन बसलेला असतो.

मोबाईल नंबरचंच घ्या. आपल्याकडचा नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, म्हणजे सगळ्यात लहान नंबर धरला तरी ६०० कोटी. ३२ बिटच्या साइन्ड (ऋण आकडेही घेणाऱ्या) इंटमध्ये मावतं जास्तीत जास्त २१४७४८३६४७, म्हणजे जेमतेम २१४ कोटी. एकही मोबाईल नंबर त्यात बसत नाही! मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर ते फक्त वॉर्निंग देतं आणि कॉलममध्ये मुकाट २१४७४८३६४७ भरून टाकतं, मग टेबल उघडलं की पन्नास गिऱ्हाइकांचा नंबर एकच. हे तरी नजरेला येतं. पण कोडमध्येच आकडा ३२ बिटांवर कापला गेला (वरचे बिट गळून गेले) तर फॉर्ममध्ये सगळे टाकतात तो ९८७६५४३२१० होतो १२८६६०८६१८, तोही दहाच अंकी, त्यामुळे कुणाला शंका पण येत नाही.

म्हणून पार्सर (मजकुरातून आकडा काढणारा कोड) लिहायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, या आकड्याची मी कधी बेरीज करणार आहे का? मोबाईल, खाते नंबर, आधार, पिनकोड यांची बेरीज कुणी करत नाही. मग स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवा, विषय संपला, वर खाते नंबरच्या सुरुवातीची शून्यं पण वाचतात.

रक्कम, नग, काउंट हे मात्र आकडेच, आणि तिथे प्रत्येक भाषेचं वागणं वेगळं. सी मधलं स्ट्रिंगचा आकडा करणारं एटूआय (atoi) वापरूच नका, रेंजबाहेरचा आकडा दिला तर काय होईल याची स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. स्ट्रटूएल (strtol) घ्या, पण आधी एररनो (errno, एररचा कोड ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करायचा आणि नंतर त्यात ईरेंज (ERANGE, म्हणजे रेंजबाहेर) आलाय का बघायचं, आणि लक्षात ठेवा की ६४ बिट विंडोजवर पण लाँग ३२ बिटचाच असतो, लिनक्सवर चाललेला कोड तिकडे आपटतो. जावाचं पार्सइंट सरळ एक्सेप्शन फेकतं, हे बरं. गो एरर देतं पण सोबत त्या टाइपचा सगळ्यात मोठा आकडा पण परत देतं, म्हणजे एरर अंडरस्कोरमध्ये ढकलणाऱ्या, म्हणजे न बघताच टाकून देणाऱ्या शहाण्याला तोच आकडा मिळतो. पायथॉनवाले म्हणतात आमच्याकडे ओव्हरफ्लो नाहीच, खरंय, पण पांडाज या डेटा लायब्ररीत कॉलममधला एक सेल रिकामा असला तरी डिफॉल्टने अख्खा कॉलम फ्लोट (दशांशाच्या आकड्यांचा टाइप) होतो आणि मोठ्या आयडीचे शेवटचे अंक बदलतात.

इंटरव्ह्यूला स्ट्रिंगमधून आकडा स्वतः बनवायला सांगतात, तिथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात: दहाने गुणून अंक मिळवायचा, आणि नवी किंमत जुनीपेक्षा लहान झाली तर ओव्हरफ्लो. हे चुकीचं आहे. ३२ बिट अनसाइन्डमध्ये (ऋण आकडे नसलेल्या टाइपमध्ये) ५०००००००० पर्यंत आलात आणि पुढचा अंक ० आला, खरं उत्तर ५०० कोटी, पण गुंडाळून (३२ बिटांबाहेरचं गळून) हातात येतं ७०५०३२७०४, जे जुन्यापेक्षा मोठंच आहे, म्हणजे तुमचा चेक पास! साइन्ड असेल तर सी मध्ये अजून वाईट, ओव्हरफ्लो होतच नाही असं धरून कंपायलर तो चेकच उडवू शकतो. बरोबर चेक गुणायच्या आधी करायचा: कमाल किमतीतून येणारा अंक वजा करा, दहाने भागा, आतापर्यंतची किंमत त्याहून मोठी असेल तर तिथेच थांबा. ऋण बाजूला एक आकडा जास्त मावतो, −२१४७४८३६४८, म्हणून जावाचं पार्सइंट आतून बेरीज ऋणातच करत जातं. तो सोर्स एकदा वाचाच, छोटासा आहे.

जेसनची गंमत वेगळी, ते बऱ्याचदा जावास्क्रिप्ट वाचतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ टाइप करून एंटर मारा, शेवटचा ३ चा २ होऊन येतो. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर डबल (६४ बिटचा फ्लोट) असतो, २ चा ५३ वा घात ओलांडला की प्रत्येक पूर्णांक त्यात नेमका मावत नाही. ट्विटरने २०१० मध्ये याच कारणाने आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंगमध्ये पण द्यायला सुरुवात केली, आणि गूगलचा डेटा फॉरमॅट प्रोटोबफ ६४ बिटचे आकडे जेसनमध्ये कोट्समध्येच लिहितं. एपीआय डिझाइन करताना सिनियरने 'आयडी स्ट्रिंग कर' म्हटलं तर वाद घालू नका.

बायनरी फॉरमॅटमध्ये गेलात तर हा प्रकार सिक्युरिटीचा होतो. हेडरमध्ये लिहिलेल्या लांबीवर गुणाकार-बेरीज करून मेमरी मागितली, आकडा गुंडाळला, मेमरी मिळाली इवलीशी आणि कॉपी झाली भरमसाट. २०१५ चं अँड्रॉइडचं स्टेजफ्राइट प्रकरण असंच होतं, एमपी४ फाइल वाचताना होणारे इंटिजर ओव्हरफ्लो त्यात होते. तिथे बेरीज करून तुलना करू नका, उरलेल्या बाइट्समधून वजा करून करा, आणि गुणाकाराला जीसीसी-क्लँग या सी कंपायलरची ओव्हरफ्लो तपासणारी बिल्टइन फंक्शन्स आहेत ती वापरा.

टेस्टला कमाल, कमाल अधिक एक, किमान, किमान उणे एक, रिकामी स्ट्रिंग आणि वीस-पंचवीस अंकी आकडा एवढं तरी ठेवा. एरर आली की ओळ नंबर आणि मूळ मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये टाका, पार्स झालेला नाही. कारण बऱ्याचदा तिथे १.२३४५७ई+११ असं दिसतं, म्हणजे कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीय आणि अंक तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच गेलेत. त्याला तुमच्या कोडमध्ये काही इलाज नाही, कॉलम टेक्स्ट करून फाइल परत पाठवा असं समोरच्याला मेल टाका.