पुंता कानाच्या बुफेला कोल्हापूरकरांनी कसं भिडावं

लेक नाहीतर मुलगा न्यूजर्सीला असला की आईबापांची अमेरिकावारी ठरलेली. आणि तिथं गेल्यावर पोरं म्हणणारच, "आई, चला चार दिवस पुंता कानाला जाऊ, ऑल-इन्क्लुझिव्ह आहे, काही बघायचं नाही." पुंता काना म्हणजे कॅरिबियन समुद्राकडचं सुट्टीचं ठिकाण. आमच्या मंगळवार पेठेत असे जाऊन आलेले आता बरेच झालेत, आणि जाणारे त्याहून जास्त. लग्नाचा मेन्यू ठरवायला आलेल्या बायका मेन्यू राहू देत आणि मला हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझा धंदा केटरिंगचा. समुद्रापेक्षा बुफेवरच जास्त बोलणार, ते समजून घ्या.

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, खाणं, पिणं, किनाऱ्यावरच्या खुर्च्या, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे आणि मनगटाला पट्टा बांधून हिंडायचं. हा प्रकार क्लब मेड या फ्रेंच कंपनीनं १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर सुरू केला, तेही तंबूंत. कॅरिबियनमध्ये आता याचंच राज्य आहे. आपल्या माणसाची गंमत अशी, की पैसे आधी भरले म्हटल्यावर तो वसुलीला लागतो. सकाळी सातला सुरू होतो, रात्री अकरापर्यंत हाणतो आणि तिसऱ्या दिवशी खोलीत इलेक्ट्रालचं पाणी पीत पडतो. धंद्यातली म्हणून सांगते, तुमच्या पोटानं त्या मालकाचं काही बिघडत नाही. पाचशे पानांचा अंदाज धरताना चार खादाड पाहुण्यांना मीसुद्धा भीत नाही. ते हिशोबात धरलेलेच असतात. वसुली करायचीच तर कधी जायचं, कुठल्या काउंटरला उभं राहायचं आणि कुणाशी बोलायचं, यात करा.

आधी कागदपत्रं. पुंता काना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये येतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टला तिथं वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपातला शेंगेनचा असला तरी चालतो. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीकडं एकदा खात्री करा. परत अमेरिकेत शिरायचंय, म्हणून आपला व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा. पण आपल्यापेक्षा पोरांचं जास्त तपासा. एच-वन-बीवरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या पोरांची कागदं चालू असतात, पण पासपोर्टातला व्हिसाचा स्टॅम्प कित्येकदा संपलेला असतो. अमेरिकेत राहायला त्यानं काही अडत नाही, बाहेर पडून परत येताना अडतं. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत आहे ती एच-वन-बीवाल्यांना कॅरिबियनसाठी नाही. हे बुकिंगच्या आधी बघायचं, विमानतळावर नव्हे. शिवाय तिथल्या सरकारचा 'ई-तिकीट' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, जातानाही आणि निघतानाही. तो फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे. आणि अमेरिकेसाठी काढलेला मेडिकल इन्शुरन्स तिथं चालतो का, हे एजंटाला लेखी विचारा.

कधी जायचं? वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर जोराचा. आपली मंडळी नेमकी उन्हाळ्यात अमेरिकेला जातात. त्यात दुसरं झेंगट म्हणजे सरगॅसम. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून तिकडच्या किनाऱ्यांवर ढिगानं येऊ लागलंय, साधारण एप्रिल ते ऑगस्ट जास्त. कुजलं की नासक्या अंड्याचा वास सुटतो. रिसॉर्टवाले पहाटे ट्रॅक्टर लावून काढतात, दुपारपर्यंत पुन्हा येतं. म्हणून रिसॉर्टनं टाकलेले फोटो बघू नका, गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या पाहुण्यांनी टाकलेले बघा. थंडीत अमेरिकेत असाल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, फक्त महाग. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांची झुंबड असते.

बुकिंग करताना लेकीला चार गोष्टी विचारायला सांगा: विमानतळावरून नेण्या-आणण्याची गाडी यातच आहे का, बुफे सोडून बाकीच्या रेस्टॉरंटांत किती वेळा जेवता येतं, त्याचं बुकिंग कधी उघडतं, आणि रिसॉर्ट फक्त मोठ्यांचं आहे की पोराबाळांचं. नातवंडं बरोबर असताना 'अडल्ट्स ओन्ली' बुक केलं तर दारातूनच परत. खोलीतून समुद्र दिसावा म्हणून जादा पैसे भरू नका. खोलीत थांबतंय कोण?

सामानाचं थोडक्यात. पोहायला सुती कपडे नकोत. लांब बाह्यांचा नायलॉनचा स्विमिंग ड्रेस आणि लेगिंग्ज महाद्वार रोडला मिळते तीच घ्या, तिथं कुणी वळूनही बघत नाही. पुरुषांची एक फुल पँट आणि बंद बूट हवेतच, का ते पुढं येईल. वीज ११० व्होल्टची, आपली इथली किटली तापत नाही. लेकीच्या घरातली न्या, प्लगही तोच लागतो. चहा पावडर बरोबर ठेवा. बुफेवर गरम दूध हवं असलं तर 'लेचे कालिएन्ते' म्हणायचं. सनस्क्रीन लावा, आणि "आपल्याला उन्हाची सवय आहे" हे बोलू नका. पुंता काना आणि कोल्हापूर यांच्या अक्षांशात दोन अंशांचाही फरक नाही, म्हणजे ऊन आपलंच. पण तिथं सतत वारा असतो, चटका कळत नाही आणि पांढऱ्या वाळूवरून ऊन उलटं येतं. आमचे हे दुपारी टोपी न घालता बसले आणि रात्री पाठ टेकता येईना.

आणि कांदा-लसूण चटणीचा छोटा घट्ट डबा, दोन पिशव्यांत गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत. हा सल्ला नव्हे, आज्ञा समजा.

आता बुफे. दार उघडल्यापासून पहिला अर्धा तास तुमचा. तेव्हा भांडी भरलेली असतात, रस्सा नितळ असतो, भाज्यांचा रंग टिकलेला असतो. तासाभरानं जाल तर भांड्याच्या कडेला सुकलेली रेघ दिसेल आणि रश्श्यावर साय धरलेली असेल. ते ताट मी माझ्या पंगतीलाही वाढू देत नाही. आधी ताट न घेता सगळ्या काउंटरांवरून एक चक्कर मारा. मेयॉनीजचं सॅलड दुपारी उघड्यावर असेल तर हात लावू नका. पाणी बाटलीचंच प्या, दातही त्यानंच घासा. समोर माणूस उभा राहून करून देतो तिथं रांग लावा, ऑम्लेट असो, पास्ता असो, तव्यावरचे मासे असोत. त्यालाच तिखट मागता येतं. 'पिकांते' म्हणायचं. मला आधी लाल सॉसची बाटली दाखवली. मी मान हलवून हातानं मिरची कापल्यासारखं केलं, तेव्हा तो आत गेला आणि हिरव्या मिरच्या बशीत घेऊन आला. ऑम्लेटमध्ये कांदा, टोमॅटो, त्या मिरच्या आणि वरून आपली चटणी. दुसऱ्या दिवशी मी रांगेत दिसले की मिरच्या आधीच कापून ठेवलेल्या असायच्या.

बुफेत एक कोपरा तिथल्या स्थानिक जेवणाचा असतो. अमेरिकन पाहुणे बर्गरकडं वळतात, तो कोपरा मोकळा सापडतो, आणि आचारी तिथं मनापासून रांधतो, कारण ते त्याच्या घरचं असतं. सकाळी मांगू मिळतो. कच्ची केळी उकडून, लोणी घालून घोटलेली, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. शेजारी चीजचे जाड काप तव्यावर तळत असतात. कडा तांबूस होईपर्यंत थांबा, घाई करून पांढरे उचलू नका. दुपारी 'मोरो दे गांदुलेस' दिसला तर घ्याच. गांदुलेस म्हणजे आपली तूरच, हिरवी, दाण्यांची. ती भातात शिजवतात. मात्र त्यात मांसाचा तुकडा नाही ना, हे विचारा. तिखट जवळजवळ नसतं. तिखटाचं खरं जेवण हवं असणाऱ्यांनी जमैका धरावं. तिथं स्कॉच बॉनेट मिरची आहे आणि बोकडाच्या मटणाची करी राष्ट्रीय खाण्यासारखीच आहे. १८४५ पासून भारतातून तिकडं मजूर नेले, त्यांच्याबरोबर गेलेली ती चव. तांबडा-पांढरा नाही मिळत, पण ओळखीचं काहीतरी जिभेला लागतं.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून भागत नाही, मासे ताटात येऊ शकतात. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही म्हणा. मटण नको, कोंबडी नको, मासे नकोत. कागदावर लिहून आचाऱ्याला दाखवलं तर आणखी बरं. उपवास असला तरी अडत नाही. पपई, अननस, चिनोला म्हणजे पॅशन फ्रूट, हवं तेवढं. आणि उकडलेली युका मागा. आपला शाबू ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. त्यांचे मूळ रहिवासी ताईनो लोक त्याच्या कसाबे नावाच्या भाकऱ्या करायचे, आजही होतात. आमच्या ह्यांची संकष्टी युका, लोणी आणि मीठ यावर निघाली. शेंगदाण्याचा कूट तेवढा नव्हता.

संध्याकाळची वेगळी रेस्टॉरंटं, इटालियन, जपानी वगैरे, पोचल्या दिवशी दुपारीच बुक करायची. बॅगा खोलीत टाकायच्या आधी. नाहीतर रात्री साडेनऊची वेळ उरते. इथंच ती फुल पँट आणि बंद बूट लागतात, बर्म्युड्यावर आत सोडत नाहीत. स्टेकच्या रेस्टॉरंटात शाकाहाऱ्यांनी जाऊ नये, उकडलेला मका मिळतो. पिणाऱ्यांसाठी: साधी रम यात धरलेली असते, उंची बाटल्यांना जादा पैसे. मामाहुआना नावाचं एक पेय आहे, झाडाच्या साली नि मुळ्या रम, रेड वाइन आणि मधात मुरवतात. औषध म्हणून देतील. एका घोटावर थांबा. न पिणाऱ्यांनी 'सिन अल्कोहोल' म्हणून पिन्या कोलादा घ्यावा, नारळ-अननस झकास लागतो.

किनाऱ्यावर टॉवेल कार्डावर मिळतो. कार्ड हरवलं की दंड, म्हणून सगळ्यांची कार्डं एकाच माणसाकडं ठेवा. पहाटे उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरणारे युरोप-अमेरिकेतही आहेत, एसटीत रुमाल टाकणारे आपण एकटेच नाही, हे बघून मला फार बरं वाटलं. झेंड्यांचे रंग बघा, लाल असला तर पाण्यात उतरायचं नाही. कयाक, स्नॉर्केल बहुतेक फुकट. मोटरवालं काहीही असलं की पैसे. कायद्यानं तिथला किनारा सगळ्यांचा आहे, पाण्याकडच्या ६० मीटर पट्ट्यावर कुणाची मालकी नाही, त्यामुळं फेरीवाले येणार. ते लारिमार नावाचा निळा खडा विकतात. हा खडा जगात फक्त त्यांच्याच देशात, बाराओना भागात निघतो, म्हणून महाग. वाळूवर स्वस्तात मिळाला तर समजून घ्या.

पहिल्या सकाळी रिसेप्शनजवळ एक गोड बोलणारा माणूस गाठतो. "मॅडम, उद्याचा नाश्ता आमच्यातर्फे. फक्त दीड तास. मसाजवर सूट." मी जावयाला विचारलं, नाश्त्याचे पैसे तर आपण भरलेत, मग हा फुकट कसा देतोय? तो गोड बोलणारा माणूस रिसॉर्टच्या क्लबची मेंबरशिप विकत असतो. दीड तासाचे तीन तास होतात, आकडा दर अर्ध्या तासानं उतरत जातो आणि सुट्टीची सकाळ जाते. "नो, ग्रासियास" म्हणून चालत राहायचं. बसायलाच लागलं तर क्रेडिट कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवून बसा.

टिप यात धरलेली आहे असं सांगतात. माझ्याकडं वाढपी आहेत, मला त्यांचे पाय दिसतात. अमेरिकेतून निघतानाच एक-एक डॉलरच्या नोटांचं बंडल घ्या. खोली झाडणारीला रोज, शेवटच्या दिवशी एकदम नव्हे, कारण माणूस बदलू शकतो. बारवाल्याला, आचाऱ्याला अधूनमधून. आणि त्यांच्या छातीवरचं नाव वाचून हाक मारा. आमच्या शेजारच्या टेबलावरचे लोक बोटं वाजवून बोलवत होते, त्यांची कॉफी थंडच येत होती.

एक दिवस बाहेर पडा. साओना बेटाची बोट बरी. उथळ पाण्यात तारामासे दाखवतात, ते पाण्याबाहेर उचलून फोटो काढू नका, मरतात. इतिहासाची आवड असेल तर सांतो दोमिंगोला जा, तिथला जुना वसाहतकालीन भाग १९९० पासून जागतिक वारसा आहे, पण गाडीनं अडीच तास जायला आणि तेवढेच यायला.

निघायच्या दिवशी खोली दुपारी सोडावी लागते आणि विमान संध्याकाळचं असतं. एक कपड्यांचा जोड वेगळा काढून बॅगा रिसेप्शनला द्या. जेवण तोवर चालू असतं, अंघोळीला वेगळी खोली असते का विचारा. रमची बाटली ड्यूटी फ्रीला घेतलीत आणि अमेरिकेत पुढं दुसरं विमान आहे, तर कस्टम्स झाल्यावर ती चेक-इनच्या बॅगेत घाला, हातात ठेवलीत तर सिक्युरिटीला अडू शकते. फळं, सॉसेज, मांसाचं काही बॅगेत ठेवू नका, विमानतळावर कुत्री हुंगत फिरतात. चटणीचा डबा उरला असेल तर विचारायच्या आधीच "खाण्याचं आहे" म्हणून सांगा. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड.