मोकाट कुत्री अन् कोंडवाडा : नगर पंचायतीनं या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगर पंचायतीत मोकाट जनावरांचं काम माझ्या टेबलावर आहे, म्हणजे कुत्री, गुरं, कधी नालीत पडलेलं गाढव, सगळंच. आजूबाजूच्या तालुक्यातले आरोग्य निरीक्षक फोन करतात, आमच्याकडे कुत्र्यांच्या नसबंदीचं सेंटर सुरू करायचंय, गाडी कोणती घेऊ, पिंजरे किती घेऊ. गाडीचं सांगतो मी, पण खरं काम बिघडतं ते जनावर गाडीत चढल्यावर. पकडेपर्यंत सगळं गाव सोबत असतं, नगरसेवक उभे राहून फोटो काढतात, अन् एकदा जनावर आत गेलं की त्याचं पाणी, त्याचे टाके, त्याला परत नेऊन सोडणं हे नेमकं कोणाचं काम ते कोणी ठरवलेलंच नसतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्याकडे झालेल्या आहेत, म्हणून लिहितोय.

जागा न लिहिता कुत्रं उचलणं

पहिल्या वर्षी आमच्या रजिस्टरमध्ये पकडल्याची जागा म्हणून फक्त "वॉर्ड ४" एवढंच लिहिलेलं असायचं. ऑपरेशनं झाली, सोडायचा दिवस आला तर कोणतं कुत्रं कुठलं तेच कळेना, मग ठेकेदाराच्या पोरांनी सगळी एकत्र बायपासजवळ सोडून दिली. तिसऱ्या दिवशी एक आजी ऑफिसात आल्या, पदरात भाकरीचा तुकडा बांधलेला, "कुठी नेली बाबू माही लाली?" म्हणाल्या. त्यांचं घर गावाच्या टोकाला, मागं वावर, रात्री रानडुकरं येतात, अन् लाली भुंकली की आजी उठून टिनाचा डबा वाजवायच्या. आम्ही दोघं जण गाडी घेऊन शोधत फिरलो तर लाली सापडली ढाब्याच्या मागं, तिथल्या कुत्र्यांनी मान फाडलेली, पोटाचे दोन टाके उसवलेले, अन् आजीचा आवाज ऐकल्यावर बसल्या बसल्याच शेपटी हलवली तिनं. वाचली, पण दहा दिवस परत पिंजऱ्यात काढावे लागले बिचारीला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच, मोबाईलवर आधी जागेचा फोटो, मागं दुकानाची पाटी नाहीतर विजेचा खांब नंबरसकट दिसला पाहिजे, मगच जाळी टाकायची. गळ्यात नंबरचा पट्टा, तोच नंबर पिंजऱ्यावर, तोच केसपेपरवर. यात कायद्याचंही आहेच, २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी अन् रेबीजची लस झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब सरळ आहे, कुत्र्याचा इलाका असतो, तुम्ही तिथली पाच कुत्री उचलून दुसरीकडे टाकली की मोकळ्या जागेत बाहेरची बिनऑपरेशनची पाच येतात, उकिरडा तर तिथंच आहे ना. अन् टाकलेली कुत्री नव्या जागी घाबरलेली असतात, ती चावतात.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुल अशा आवारातून उचललेली कुत्री परत त्याच आवारात सोडायची नाहीत असं म्हटलंय. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या गेटच्या आतलं कुत्रं अन् गेटसमोरच्या चहाटपरीचं कुत्रं यांचं पुढचं वेगवेगळं होणार, अन् ते तुम्हाला रजिस्टरमधल्या जागेच्या रकान्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

सगळ्या गावात थोडं थोडं काम करणं

प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात गाडी पाहिजे असते म्हणून आज इथली चार, उद्या तिथली तीन असं होतं. याचा फायदा जवळपास शून्य. एक वॉर्ड घ्या, तो संपवा, मग दुसरा. रेबीजची साखळी तोडायला गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस लागलेली पाहिजे हा जगभर धरला जाणारा आकडा आहे, अन् मोजणी न करता ७० टक्के कशाचे काढणार? सकाळी साडेपाचला चौकाचौकातून मोटारसायकलवर फिरून मोजा, नर किती, माद्या किती, कान कापलेली (म्हणजे नसबंदी अन् लस झाल्याची खूण असलेली) किती. तीन सकाळी लागतात, खर्च पेट्रोलचा.

वेळही चुकते. मार्चअखेरीला निधी संपवायचा म्हणून टेंडर निघतं, वर्क ऑर्डर मिळेपर्यंत मे महिना, ४५ डिग्रीत कुत्री जाळीच्या गाडीत. इकडे कुत्र्यांचा हंगाम भादव्यात, दोन महिन्यांनी पिल्लं. म्हणजे माद्यांचं काम पोळ्याच्या आत झालं पाहिजे, पण पावसाळ्यात टाके कोरडे ठेवायला पक्की फरशी अन् वरून न गळणारं छत पाहिजे, ते आधी करून घ्या. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं उचलू नका, अन् पिल्लं पाजणारी कुत्री तर अजिबात नाही, आचळ बघायला काय वेळ लागतो? मागं पिल्लं उपाशी मरतात, वॉर्डातले लोक बघून राहिलेले असतात, अन् पुढच्या वेळी तेच लोक तुमच्या गाडीसमोर आडवे होतात. चिमटे अन् तारेचे फास वापरणाऱ्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी थांबवा, ते नियमात बसत नाही. कापडी जाळी, नाहीतर हातानं, अन् गाडी निघायच्या आधी घंटागाडीच्या भोंग्यावरून वॉर्डात सांगायचं.

ठेकेदाराचं बिल काढताना नुसता आकडा बघून सही करू नका. संस्थेकडे पशु कल्याण मंडळाचं मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का, नसबंदीत काढलेले अवयव देखरेख समितीसमोर मोजले का, ऑपरेशननंतर किमान ४ दिवस ठेवलं का, हे तपासल्याशिवाय फाईल मुख्याधिकारी साहेबांकडे पाठवायचीच नाही. आकड्यावर पैसे असले की दुसऱ्याच दिवशी सोडायची घाई होते, अन् पोट उघडं पडलेलं कुत्रं तुमच्याच दारात येऊन बसतं.

गाईच्या तोंडात हात घालणं

यावर जरा जास्त लिहितो कारण इथं माणूस जातो.

कोंडवाड्यात एक लाल गाय आणली होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाण्याच्या हौदाला तोंड लावायची पण पाणी घशाखाली उतरत नव्हतं, अन् हंबरायची तर आवाज फाटलेला, घोगरा. आमचा माणूस वीस वर्षं गुरं राखलेला, तो म्हणाला घशात आंब्याची कोय अडकली असेल, शर्टाची बाही वर केली अन् हात घालायला निघाला. त्याच्या बोटाला विळ्यानं कापलेलं होतं, पट्टी पण नव्हती बांधलेली. डॉक्टर नेमके गेटमधून आत येत होते, ते लांबूनच ओरडले म्हणून तो थांबला. गाय तिसऱ्या दिवशी मेली. मागच्या पायावर, केसांच्या आत, कुत्रं चावल्याची जुनी खूण सापडली.

रेबीज म्हणजे पिसाळून अंगावर येणारं कुत्रं एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण मुका रेबीजही असतो, कुत्रं कोपऱ्यात गप्प बसतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, अन् माणूस दया येऊन त्याच्या तोंडात हाडूक अडकलं का ते बघायला जातो. गाईगुरांमध्येही पुष्कळदा असंच, घशात काही अडकलंय असंच वाटतं. लाळेतून विषाणू जातो, ताज्या जखमेला लागला तरी पुरतो. लक्षणं दिसायला लागली की माणूस असो की जनावर, वाचत नाही.

म्हणून जनावरांना हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाला, ड्रायव्हर अन् झाडू मारणारी बाई धरून, चावायच्या आधीच लस द्या, ०, ७ अन् २१ किंवा २८ व्या दिवशी. "आपल्याले काही होत नाही" म्हणणाऱ्याला गाडीवर चढू देऊ नका. नंतर चावलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, मग लगेच दवाखाना, आधी लस झालेली असली तरी डोस घ्यावेच लागतात. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. जखम खोल असेल अन् आधी लस झालेली नसेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिकारद्रव्याचं इंजेक्शन) पण लागतं, ते तालुक्याला नसलं तर जिल्ह्याला कोणत्या खिडकीवर मिळतं हा कागद भिंतीवर आधीच चिकटवलेला पाहिजे. चावलेलं कुत्रं मारायचं नाही, १० दिवस वेगळं बांधून बघायचं. रेबीज असेल तर बहुतेक त्यातच मरतं.

अन् लसीचा फ्रिज. २ ते ८ डिग्री. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये सात तास लाईन नव्हती अन् दुसऱ्या दिवशी तीच लस कुत्र्यांना टोचायला काढली होती. थर्मामीटर बघितला म्हणून कळलं. फेकून द्यावी लागली, ऑडिटला उत्तर द्यावं लागलं, पण न लागणारी लस टोचून कान कापलेलं कुत्रं गावात सोडण्यापेक्षा ते बरं.

कोंडवाडा म्हणजे टिनाचं शेड नव्हे

रब्बी निघाली की आपल्याकडे गुरं मोकळी सोडायची पद्धत आहे, अन् २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड गाईंसारखे म्हातारे बैलही कत्तलीसाठी विकता येत नाहीत म्हणून कास्तकार सोडून देतो, त्याच्याही घरी कुटार नसतं. म्हणजे नेमकी उन्हाळ्यात कोंडवाड्यात गर्दी. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरच्या वर पाणी लागू शकतं, २० जनावरं म्हणजे १००० लिटर नुसतं प्यायला, अन् तुमचा टँकर दोन दिवसांआड येतो. नवतप्यात उघड्या टिनाखाली माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. टिनावर पऱ्हाटीचा किंवा तुरीच्या तुराट्यांचा थर टाका, बाजूला हिरवी जाळी, हौद सावलीत. कोरड्या हौदाचा तळ चाटणारं वासरू मी बघितलंय, खरखर आवाज येतो जिभेचा. त्या दिवसापासून पाण्याची पातळी सकाळ संध्याकाळ फोटो काढून ग्रुपवर टाकायची असं ठरवलं.

आत घेताना कानातला १२ अंकी बिल्ला लिहून घ्या, त्यावरून मालक सापडतो. बिल्ला नसेल तर शिंगं, रंग, डाग, वेसण आहे का, हे सगळं लिहून फोटो काढा, नाहीतर एकाच बैलावर दोघं हक्क सांगतात अन् भांडण ठाण्यात जातं. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा जुना कायदा आहे, त्यात ७ दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची अन् त्यानंतरच पुढचं असा क्रम आहे, तो क्रम सोडून तोंडी लिलाव करू नका, घेणारा कोण अन् जनावर कुठं जाणार याचा कागद नसला तर ते पाप तुमच्या सहीवर येतं.

नवीन जनावर आलं की सरळ कळपात सोडायचं नाही, १४ दिवस वेगळं. २०२२ मध्ये लम्पीनं जे केलं ते विदर्भातलं कोणी विसरलं नसेल, माश्या, डास, गोचिडांतून पसरतो तो, म्हणून शेण रोज उचलणं हे पण औषधच. कुत्र्यांच्या बाजूला हाच प्रकार पार्व्होचा, एका पिल्लाला रक्ताची हगवण लागली की आठवड्यात सगळी लाईन जाते. फिनाईलवर भिस्त ठेवू नका, ब्लीचिंगचं ताजं पाणी लागतं, ते पण आधी घाण साबणानं काढून फरशी धुतल्यावर. आजारी पिंजऱ्यांचा झाडू, बादली, गमबूट वेगळे.

लग्नाची पंगत कोंडवाड्यात ओतणं

एप्रिल मे मध्ये लोक प्रेमानं ट्रॉली भरून उरलेला भात, पोळ्या, बुंदी आणतात, पुण्य लागेल म्हणून. नाही म्हणायला जीव होत नाही पण म्हणा. उपाशी गाईनं भात अन् पोळ्या पोटभर खाल्ल्या की पोटात आंबतं, डावी कूस फुगते, दात खाते, बसते ती उठत नाही. आमच्याकडे एका रात्रीत तीन गाई गेल्या, सकाळी तोंडाला आंबट वास येत होता. अन् त्या अन्नासोबत प्लास्टिकचे ग्लास, द्रोण, पिशव्या येतात ते वेगळंच. असं झालं तर वाट न बघता १९६२ वर फोन लावा, फिरता दवाखाना येतो, अन् तो येईपर्यंत गाईला पाडून ठेवू नका, छातीच्या आधारावर बसती ठेवा. ज्यांना द्यायचंच आहे त्यांना आम्ही गेटवर पाटी लावली, कडबा, कुटार, सरकीची ढेप द्या. मागच्या उन्हाळ्यात एका नवरीच्या बापानं हळदीच्या दिवशी दोन बंड्या कुटार आणून टाकलं, स्वतः उभा राहून रचून दिलं, अन् जाताना हौदात हात घालून पाणी गरम तर नाही ना ते बघून गेला.