ओमाहात लंगडा स्ट्रेट ड्रॉ आणि समोरून पॉट-पॉट: बसण्याआधीची तयारी

ओमाहा हा पोकरचा प्रकार: हातात पत्ते चार, त्यातले बरोबर दोन वापरायचे, टेबलावरच्या पाचांतले तीन. यावर जास्त बोलत नाही. खेळ चिपांवर ठेवा. पैशांच्या ऑनलाइन खेळाला 2025च्या कायद्याने बंदी आहे. जालना असो की नांदेड, घरच्या बैठकीत चिपा मोजून वाटा आणि प्रत्येकाचा स्टॅक (समोरच्या चिपांचा ढीग) सगळ्यांना दिसेल असा रचायला लावा. का, ते पुढं येतंच.

आता एक फ्लॉप (टेबलावर आधी उघडणारे तीन पत्ते) तोंडपाठ करा: इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी, चौकट दुर्री. तुमच्याकडं दोन राजे, एक सत्ती, एक छक्की. इस्पिक एकही नाही. सहा ते नऊ ओळीनं जमले, आणखी एका पत्त्यानं स्ट्रेट, म्हणजे ओळीनं पाच पत्ते, पुरा होतो; स्ट्रेट ड्रॉ म्हणतात तो हाच. तीन पत्तीवर पोसलेलं डोकं लगेच मोजतं: चार दश्श्या, चार पंज्या, आठ पत्ते आपले. थांबा. वरचं टोक, म्हणजे सगळ्यांत मोठा स्ट्रेट, कुणाचं? दश्शी पडली की राणी-गुलामवाला तुमच्या वर, गुलाम-सत्तीवालाही वर. तुमचा स्ट्रेट तिसऱ्या नंबरचा. चारही दश्श्या खोडा. इस्पिक पंजीनं समोरच्याचा फ्लश (पाचही इस्पिक, स्ट्रेटच्या वर) पुरा होऊ शकतो, तीही खोडा. उरल्या तीन पंज्या. न दिसलेले पत्ते 45, त्यात कामाचे तीन, म्हणजे पुढच्या पत्त्याला सात टक्केही नाहीत.

समोरून 100च्या पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिपांत) 100ची बेट आली, तर कॉल करायला, म्हणजे तेवढेच भरायला, तुम्ही 100 घालता 300साठी. तेहतीस टक्के लागतात. सगळे आठ पत्ते आपले धरले तरी एका पत्त्यावर अठराच होतात. हिशेब इथंच संपायला पाहिजे, पण इथं हमखास कुणीतरी म्हणतं, “लागला तर पुढं वसूल करू.” कुणाकडून? दश्शीवर पॉट भरणारा गडी राणी-गुलाम घेऊन बसलेला असतो. वसुली तो तुमच्याकडून करतो. वरचं टोक कुणाचं, हे बेट आल्यावर नाही, बेट यायच्या आधी ठरवून ठेवायचं.

स्टॅक याच्यासाठी बघायचा: दोघांत 100चा पॉट, फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) अशा तिन्ही वेळा पूर्ण पॉटची बेट आणि कॉल, तर 300, 900, 2700. प्रत्येकाचे 1300 गेले. फ्लॉपचे 100 किरकोळ वाटतात, पण ते फक्त पहिला हप्ता असतात. फ्लॉपला भरायचं आणि टर्नला पत्ते टाकायचे ही तर पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणी ओढवून घेण्याची सवय झाली.

टर्नला पंजी पडली तरी निवांत होऊ नका. समोर सेट (हातातली जोडी आणि टेबलावरचा तसाच तिसरा पत्ता) असेल तर रिव्हरला बोर्डची, म्हणजे टेबलावरच्या पत्त्यांची, जोडी जमून तुमच्या वर जायला त्याच्याकडं दहा पत्ते असतात. दुसऱ्याकडंही सत्ती-छक्की असली आणि वर चांगला फ्लश ड्रॉ असला, तर तुम्ही फार तर अर्धा पॉट न्याल, तो सगळा नेऊ शकतो. फ्लॉपलाच एकानं पॉट मारला (पॉटएवढी बेट लावली) आणि दुसऱ्यानं त्यावर रेज केला, म्हणजे आणखी वाढवलं, मग मोजायचं काही उरत नाही, टाका. तुम्हाला आधी बोलायचं असेल तर आणखी लवकर टाका.

मग खेळायचं काय घेऊन? त्याच फ्लॉपला राणी, गुलाम, दश्शी, सत्ती धरून बघा. तीन राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या, तीन सत्त्या, चार छक्क्या: सोळा पत्ते, आणि प्रत्येकावर वरचं टोक तुमचं. इस्पिकची खोडली तरी निदान अकरा उरतात. फ्लॉपवर दोन इस्पिक नसतील तर सोळाचे पस्तीस टक्के पुढच्याच पत्त्याला होतात, तिथं पॉटची बेट खुशाल कॉल करा. दोन्हीही “स्ट्रेट ड्रॉ”च, पण याच फ्लॉपला एकात तीन पत्ते, दुसऱ्यात निदान अकरा. आठ आहेत का, बारा आहेत का, हा प्रश्नच उगं आहे. वरचं टोक किती पत्त्यांवर तुमचं, तेवढंच मोजा.

परत राजे-सत्ती-छक्कीच्या हाताकडं: टर्नला न दिसलेले पत्ते 44, संधी एकच. पॉटची बेट आली तर टाका. चेक मिळाला (समोरच्यानं बेट न लावता सोडलं) तर फुकटचा पत्ता घ्या, उगं ब्लफ नको.

रिव्हरला दश्शी लागली, समोरून पॉट आला: टाका. चेक आला: तुम्हीही चेक करा. साधी पंजी, बोर्डवर तीन इस्पिक नाहीत, जोडी नाही: पॉट मारा.